जुन्या ब्राउझरलाही कळू द्या

मंडळी, समजा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची आज शेवटची तारीख आहे. गुरुजी शाळेतल्या जुन्या संगणकावर संकेतस्थळ उघडतात, तर पान कोरे! वीज आहे, इंटरनेट आहे. मग अडले कुठे?

पान उघडून दाखवणारा तो ब्राउझर. पानावरचा मजकूर एचटीएमएल या भाषेत लिहितात. पानाकडून कामे करून घेणारी भाषा ती जावास्क्रिप्ट. ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत रचली. २०१५ साली तिच्यात पुष्कळ नव्या खुणा आल्या. बाणासारखी एक खूण त्यांतलीच.

आता दोघींचा स्वभाव ध्यानात घ्या. एचटीएमएल मोठी सोशिक. तिच्यातली खूण अनोळखी निघाली, तर ब्राउझर ती सोडतो आणि आतला मजकूर दाखवतो. जावास्क्रिप्टचे तसे नाही, बरे का! फाइलमध्ये तो एक बाण आला, की जुना ब्राउझर ती सगळी फाइलच टाकून देतो. एका खड्यापायी भाताचे पातेले ओतून द्यावे, तसे!

मग उपाय काय? पहिला, पाया साधा ठेवावा. अर्जाच्या चौकटी आणि ‘पाठवा’ हे बटण एचटीएमएलमध्येच असावे, म्हणजे जावास्क्रिप्ट चालली नाही तरी अर्ज जातो.

दुसरा, ब्राउझरला नाव विचारू नये; ‘तुला हे काम येते का?’ असे विचारावे. नावावर विसंबणार कसे? जवळजवळ सारेच ब्राउझर आपली ओळख ‘मोझिला’ या शब्दाने सुरू करतात! काम येत नसेल, तर ते शिकवणारी जोड द्यावी. तिला पॉलिफिल म्हणतात.

पण नव्या खुणांना जोड पुरत नाही. म्हणून तिसरा उपाय: फाइलच्या दोन प्रती. जुन्या वळणाची प्रत बेबेलसारखे साधन करून देते. नव्या प्रतीवर ‘मॉड्यूल’ लिहायचे. जुन्या ब्राउझरला तो प्रकारच ठाऊक नसतो, म्हणून तो तिला हात लावत नाही. जुन्या प्रतीवर ‘नोमॉड्यूल’. नवा त्याचा अर्थ जाणतो आणि ती सोडतो. ज्याचे त्याला मिळाले!

तेव्हा गुरुजी, शाळेसाठी कुणी संकेतस्थळ बनवून दिले, तर ते गावातल्या सर्वांत जुन्या फोनवर उघडून पाहा. जावास्क्रिप्ट बंद करून अर्ज जातो का, तेही पाहा. नवे जरूर आणावे. पण जुना फोन हाती असलेल्या पोराचा अर्ज त्यापायी राहू नये.