सात डॉलरचा नकार

अमेरिकेतील यादवी युद्धावर प्रश्न विचारला की विद्यार्थी उत्तरपत्रिकेत एक वाक्य हमखास लिहितात: 'लिंकनने गुलामांना मुक्ती दिली.' वाक्य खोटे नाही. पण त्यातले क्रियापद मला खटकते. 'दिली' म्हटले की देणारा एक उभा राहतो आणि घेणारे हात पसरून बसतात. घेणाऱ्यांनी स्वतः काय केले, हा प्रश्नच मग उरत नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. 'सवलती दिल्या' हे बोल मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. म्हणून इथे एका पलटणीची हकिकत मांडतो. तिचे नाव चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स स्वयंसेवक पायदळ पलटण.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची राज्ये फुटून निघाली होती. तरीही उत्तरेचे सरकार सुरुवातीला म्हणत होते की हे युद्ध देश एकसंध ठेवण्यासाठी आहे, गुलामगिरी मोडण्यासाठी नव्हे. लढायला आलेल्या काळ्या माणसांना परत पाठवले जात होते. दोन वर्षे रक्त सांडल्यावर, १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्याने सैन्याचे दार त्यांना उघडले. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी पलटण उभारायला घेतली. गुलामगिरीतून पळून आलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस भरतीसाठी हिंडले. त्यांचे दोन मुलगे, लुईस आणि चार्ल्स, या पलटणीत दाखल झाले. बॉस्टनजवळ रीडव्हिल येथे छावणी पडली. शेतमजूर, खलाशी, न्हावी, हमाल असे लोक आले. बहुतेक उत्तरेतले, जन्माने स्वतंत्र. अधिकारी मात्र सगळे गोरे. पंचवीस वर्षांचा रॉबर्ट गुल्ड शॉ हा त्यांचा कर्नल. मरण्याचा हक्क मिळाला होता, हुकूम देण्याचा नाही.

१८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टनजवळ वॅग्नर किल्ल्यावर या पलटणीने हल्ला चढवला. समुद्र आणि दलदल यांच्यामधल्या अरुंद वाळूतून सुमारे सहाशे जण पुढे गेले. ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून २७२ जण कामी आले. पकडले गेल्यास युद्धकैद्याची वागणूक मिळेल याची खात्री नव्हती. काळ्या सैनिकाला बंडखोर गुलाम समजण्याची धमकी दक्षिणेने आधीच दिली होती. किल्ला त्या रात्री पडला नाही. शॉ तटावरच मारला गेला. शत्रूने त्याला त्याच्या काळ्या शिपायांसोबत एकाच खड्ड्यात पुरले. यात त्याचा अपमान आहे असे पुरणाऱ्यांना वाटले. त्याच्या वडिलांनी मात्र तो देह तिथून हलवू नका असे कळवले. सार्जंट विल्यम कार्नी जखमी अवस्थेत निशाण सांभाळत परतला. त्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते १९०० साली, सदतीस वर्षांनी.

ही हकिकत इथेच थांबवण्याची रीत आहे. शौर्य सांगावे, डोळे पुसावे, पुस्तक मिटावे. मला वाटते, पलटणीची खरी लढाई वेगळीच होती.

भरतीच्या वेळी त्यांना गोऱ्या शिपायाइतकाच, महिना तेरा डॉलर पगार कबूल केला होता. प्रत्यक्ष पगार वाटायची वेळ आली तेव्हा सरकारने १८६२ च्या कायद्यावर बोट ठेवले. काळ्या माणसाला दहा डॉलर, त्यातून कपड्यांचे तीन कापून हातात सात. तो कायदा करताना काळा माणूस खंदक खणणार, ओझी वाहणार, असेच धरले होते. बंदूक हाती आली तरी दर मजुराचाच राहिला. सार्जंट झाला तरी तोच. पलटणीने पगार घ्यायला नकार दिला. १८६३ च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स राज्याने वरची रक्कम आपल्या खजिन्यातून भरून देऊ केली. तीही त्यांनी नाकारली. प्रश्न सहा डॉलरचा नव्हताच. देशाने आपल्याला कोणत्या मापाने मोजले, हा प्रश्न होता. आणि ते माप दुसऱ्या कुणाच्या दयेने बदलत नसते.

याची किंमत जबर होती. घरून उपासमारीची पत्रे येत होती. कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याने २८ सप्टेंबर १८६३ रोजी थेट लिंकनना पत्र लिहून विचारले की आम्ही शिपाई आहोत की मजूर. २० फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लोरिडात ओलस्टीच्या रणात ही पलटण 'महिना सात डॉलर' अशी उपरोधाची आरोळी देत उतरली. गुडिंग तिथे जखमी होऊन पकडला गेला आणि अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत मेला. दुसऱ्या एका काळ्या पलटणीत, तिसऱ्या साउथ कॅरोलिना पलटणीत, सार्जंट विल्यम वॉकर याने याच अन्यायाविरुद्ध आपल्या लोकांना शस्त्रे खाली ठेवायला लावली. २९ फेब्रुवारी १८६४ रोजी त्याच्याच सरकारने त्याला गोळ्या घातल्या.

जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. पण त्यातही मेख होती. १९ एप्रिल १८६१ रोजी जो स्वतंत्र होता त्यालाच भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी मिळणार होती. जन्माने स्वतंत्र एकीकडे, काल गुलाम असलेले दुसरीकडे! पीडितांत उतरंड लावण्याची ही युक्ती आपल्याला नवी नाही. शॉनंतरचा कर्नल एडवर्ड हॅलोवेल याने शपथ अशी रचली: त्या तारखेला आपल्या श्रमावर कुणाचाही हक्क नव्हता. गुलाम राहिलेला माणूसही हे खऱ्या मनाने म्हणू शकत होता, कारण माणसावर माणसाची मालकी न्यायाने कधी नव्हतीच. अठरा महिन्यांनंतर पूर्ण पगार आला.

या युद्धाशी आपले नाते जुने आहे. पलटण विसर्जित झाल्यावर आठच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. इकडे कोरेगावच्या स्तंभावर महार शिपायांची नावे कोरलेली असताना १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांना त्यासाठी अर्ज करावा लागला. म्हणजे शौर्य कितीही गाजवले तरी त्याचे आपोआप हक्कात रूपांतर होत नाही. सत्तेला गरज असते तोवर शूराची पाठ थोपटली जाते. गरज सरली की त्याला वेशीबाहेर पाठवतात.

चोपन्नाव्या पलटणीतलाच स्टीफन स्वेल्स घ्या. मार्च १८६४ मध्ये गव्हर्नरने त्याला लेफ्टनंट केले. युद्धखात्याने ते मान्य करायला जानेवारी १८६५ उजाडला. पुढे तो दक्षिण कॅरोलिनाच्या सिनेटमध्ये बसला. १८७७ नंतर दक्षिणेत काळ्यांचे राजकीय हक्क क्रमाक्रमाने हिरावले गेले. १८९७ साली बॉस्टनमध्ये पलटणीचे स्मारक झाले. त्यावर काळ्या शिपायांचे चेहरे होते, नावे मात्र गोऱ्या अधिकाऱ्यांची. वॅग्नरला पडलेल्या काळ्या शिपायांची नावे तिथे कोरली जायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

आपल्या सभांतून पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे आपण गातो, गायलाच हवेत. पण त्यासोबत त्या नकाराचाही इतिहास मुलांना सांगायला हवा. तलवार गाजवणाऱ्याला मालक बक्षीस देतो. कमी मापाने मोजलेले दाणे परत करणाऱ्याची मालकाला भीती वाटते, कारण तो मापच बदलायला निघालेला असतो.