जुना डबा, नवी वाट

मालवणास जाणारा प्रवासी कुडाळ स्थानकावर उतरला, की रुळांच्या वर ताणलेली तांब्याची तार त्याच्या दृष्टीस पडते. कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाचे काम २०२२ मध्ये पूर्ण झाले. विजेरी इंजिनाच्या माथ्यावरील चौकट या तारेला घासत जाते आणि वीज आत घेते.

परंतु सर्वच विजेरी गाड्या वरून वीज घेत नाहीत. न्यूयॉर्क शहरात १९०४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली. भुयारात माथ्यावर जागा थोडी. म्हणून तेथे रुळांशेजारी तिसरा रूळ घालून त्यातून वीज खेळवली. चाकांजवळ बसवलेला लोखंडी जोडा त्या रुळावरून घसरत वीज घेतो.

कालांतराने हे डबे जुने झाले. बहुतेक मोडीत निघाले; काही मात्र अमेरिकेतील ईस्ट हेवन येथील ट्रॅम-संग्रहालयाने जतन केले. हे संग्रहालय १९४५ मध्ये स्थापन झाले. तेथे तिसरा रूळ नाही. वीज वरच्या तारेतून येते. मग भुयारातील डबा तेथे धावणार कसा?

त्यासाठी डब्याच्या छतावर वीज न वाहणारी बैठक बसवतात. तिच्यावर लांब दांडा उभारतात. स्प्रिंगच्या जोराने तो तारेला टेकून राहतो. दांड्यापासून जाड केबल खाली यंत्रापर्यंत नेतात. याच वेळी जुने लोखंडी जोडे काढून टाकावे लागतात, अथवा यंत्रापासून तोडावे लागतात. तसे न केल्यास तेही विजेने भारले जातील आणि डब्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या प्राणावर बेतेल.

हा बदल साधतो, कारण दोन्ही ठिकाणची वीज एकाच जातीची, म्हणजे सुमारे ६०० व्होल्टची दिष्ट वीज असते. शिडाच्या होडीला यंत्र बसवावे, तसाच हा प्रकार. होडी तीच, बळ मात्र दुसरीकडून येते. कोकण रेल्वेच्या तारेत मात्र २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज असते. तिच्याखाली हा डबा नेला, तर त्याची यंत्रे जळून जातील.

महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेरी गाडी १,५०० व्होल्टच्या दिष्ट विजेवर धावली. पुढे घाटात मालगाड्या ओढणाऱ्या इंजिनांना लोक प्रेमाने ‘खेकडा’ म्हणत. २०१६ पर्यंत मुंबईच्या सर्व लोकल मार्गांवर २५,००० व्होल्टची वीज आली. असा एक खेकडा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. परंतु त्याला चालवणारी वीज आता मुंबईच्या तारांतून वाहत नाही.

जुनी वस्तू नुसती जपणे पुरेसे नाही. तिला चालती ठेवण्यासाठी तिचे बळ कशात आहे, हेही जाणावे लागते.