पाणी शिरतं ते बोल्टाच्या भोकातून

ओहोटीच्या वेळी बोटीची मागची फळी धक्क्याच्या लाकडाखाली सरकली आणि मग भरती आली, एवढंच घडलं होतं. उधाणाला गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं. बोट वर यायला बघते, धक्का जागचा हलत नाही आणि मधल्यामध्ये स्विम प्लॅटफॉर्म भरडला जातो. समुद्रात पोहायला उतरायची आणि पाण्यातून परत चढायची ही फळी मोटर यॉटच्या पिछाडीला, पाण्यापासून जेमतेम वीत-दीड वीत उंचीवर असते. चाळीसेक फुटी बोटीला पाणी ज्या जोराने वर ढकलतं तो टनांत मोजावा लागतो. फायबरच्या फळीचा कोपरा चिरला, खालचे दोन स्टीलचे ब्रॅकेट वाकले आणि ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, बारीक भेगा उमटल्या.

मालकांचं म्हणणं साधं होतं: जुनी काढा, नवी बसवा. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावरच्या शेडमध्ये होती, तेव्हा हे काम मी जवळून पाहिलं. त्यात फळीचा वाटा थोडाच होता. खरं काम होतं ते भिंतीचं.

मिस्त्री वेंगुर्ल्याकडचे. त्यांनी आधी पाना हातात घेतलाच नाही. एक लहान हातोडी घेतली आणि ट्रान्समवर बोटभर अंतराने हलकेच ठोकत गेले. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. ते कोरडं आणि घट्ट चिकटलेलं असेल तर आवाज कडक येतो, कुजलं असेल तर भद्द येतो. खालच्या ब्रॅकेटजवळ आवाज बसला, तिथे त्यांनी पेन्सिलने रेघ मारली. बोल्टांच्या चारही भोकांभोवती रेघा जोडल्यावर ताटाएवढी जागा निघाली. ओलावा मोजायचं यंत्र नंतर लावलं. त्याने पेन्सिलचीच सीमा कायम केली.

मग बोल्ट काढले. एक मी हातात घेऊन पाहिला. डोकं चकचकीत, नटाकडचे आटे चकचकीत, आणि मधे, जिथे तो ओल्या लाकडात पुरलेला होता, तिथे अंग खाल्लेलं, खड्डे पडलेले. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही हा समज किनाऱ्यावरसुद्धा पक्का आहे. या धातूला वाचवणारा क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा टिकायला प्राणवायू लागतो. खाऱ्या पाण्यात, हवा न पोचणाऱ्या फटीत तो पापुद्रा तुटला की पुन्हा धरत नाही. ३१६ ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते ३०४ पेक्षा जास्त तग धरतं. पण ओल्या फटीत तेही खचतंच. म्हणजे भरतीने फक्त निमित्त दिलं. पाणी कितीतरी आधीपासून आत मुरत होतं.

आतल्या बाजूने फायबरचा थर कापून कुजलेलं प्लाय खरवडलं, तेव्हा काळा, ओला भुसा निघाला. कोरडं, पिवळसर लाकूड लागेपर्यंत खरवडत जायचं. तिथे दयामाया दाखवायची नाही. त्यानंतर वाट बघणं. गोव्याच्या पावसाळी हवेत लाकूड वाळणं म्हणजे परीक्षाच. प्लास्टिकचे पडदे लावले, आत हवेतला ओलावा ओढणारं यंत्र ठेवलं, दिवे लावले. मालकांचे फोन येत राहिले आणि मिस्त्री यंत्रावरचा आकडा सांगत राहिले. त्यांच्या त्या ठामपणाबद्दल मला फार आदर वाटला.

कापलेल्या कडा उतरत्या घासून घेतल्या: थराच्या जाडीच्या बारापट लांब उतार, म्हणजे चार मिलिमीटरला जवळजवळ पाच सेंटिमीटर. नव्या कापडाला पकड मिळते ती या उतारावर. इथे इपॉक्सी वापरलं, कारण जुन्या, पक्क्या झालेल्या थरावर ते पॉलिस्टरपेक्षा चांगलं धरतं. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर एक-दोन टक्के, सवयीच्या हाताने थोडा कमी-जास्त झाला तरी निभतं. इपॉक्सीत तसं नाही. हार्डनर जास्त ओतल्याने काम लवकर होत नाही, उलट कच्चं राहतं. म्हणून पोऱ्याला तराजू दिला होता, आणि प्रत्येक मिश्रण मिस्त्री स्वतः बघत होते. दमट हवेत वर चिकट मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचं कापड लावायचं नाही.

नवी भोकं पाडायची रीत मला सगळ्यात आवडली. आधी भोक हवं त्यापेक्षा बरंच मोठं पाडलं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरलं, आणि पक्कं झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टाच्या मापाचं भोक घेतलं. आता बोल्टाला लाकूड दिसतच नाही. सीलंट कधी सुटलं, तरी पाणी इपॉक्सीच्या नळीत अडकेल, प्लायला शिवणार नाही. भोकाच्या तोंडाला थोडा खोलगटपणा दिला, म्हणजे डोक्याखाली सीलंटचं वेटोळं शिल्लक राहतं. आतून मोठ्या वायसरऐवजी जाड पट्ट्या घातल्या.

नवी फळी फर्म्यावरून कापली, तिच्यावर सागवानी पट्ट्या बसवल्या. दिसायला देखणी झाली. मालकांना ती हातभर लांब हवी होती. मिस्त्रींनी नकार दिला. एक तर जितकी लांब, तितका ब्रॅकेटवरचा ताण आणि खालून लाटेचा मार वाढतो. दुसरं, इंजिनाचा धूर पिछाडीलाच बाहेर पडतो आणि लांब फळीखाली कोंडतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर २००० साली एका हाउसबोटीच्या अशाच फळीखालच्या पोकळीत जनरेटरचा धूर साठला आणि तिथे पोहत गेलेले दोन लहान भाऊ दगावले. फळी जुन्याच मापाची राहिली. इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मागे कुणी पाण्यात उतरायचं नाही, हेही मिस्त्रींनी मालकांना समोर बसवून सांगितलं.

बोल्ट आवळताना एक माणूस बाहेर डोकं धरून, दुसरा आत नट फिरवत. डोकं फिरलं तर सीलंट फाटतं. पहिल्या दिवशी बेताचंच आवळलं, सीलंट रबरासारखं झाल्यावर पुरतं. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली, तेव्हा मिस्त्री इंजिनाच्या खोलीत बॅटरी घेऊन पालथे पडले होते आणि एकेका नटाभोवती कोरडा कागद दाबून बघत होते.