आपली चूक आपल्याला का दिसत नाही?

व्हर्नियर कॅलिपरमध्ये शून्य त्रुटी असेल, तर त्याने दहा मापे घेऊन सरासरी काढली तरी ती जात नाही. स्वतःचा पाठ स्वतःच दहादा वाचणाऱ्या शिक्षकाचेही तसेच होते. त्यातून ऑनलाइन शिक्षणात विद्यार्थ्याचा गोंधळलेला चेहराही समोर नसतो!

यावर उपाय म्हणून अमेरिकेतील मेरीलँड राज्यात २००३ मध्ये ‘क्वालिटी मॅटर्स’ ही योजना सुरू झाली. तीन प्रशिक्षित प्राध्यापक विद्यार्थ्याच्या नजरेने अभ्यासक्रम पाहतात. उद्दिष्टे स्पष्ट आहेत का? चाचणी त्यांच्याशी जुळते का? सर्व आवश्यक निकष पुरे व्हावे लागतात, शिवाय किमान ८५ टक्के गुण हवेत. कमी पडल्यास सुधारणा करायची. तपासला जातो तो अभ्यासक्रम, शिक्षक नव्हे.

तुमची प्रयोगवही मित्राला वाचायला द्या. तो जिथे अडखळेल, तिथे तुमची शून्य त्रुटी सापडेल!