मोटारीचा टप नीट का मिटत नाही?

छत्री मिटताना कधी कधी तिचे कापड काडीच्या सांध्यात सापडते. अशा वेळी शहाणा माणूस जोर लावीत नाही. तो छत्री पुन्हा अर्धी उघडतो, कापड बोटाने सोडवतो आणि मग मिटतो. ज्याला घाई असते तो दांडा तसाच खाली ओढतो, आणि पुढच्या पावसात नेमक्या त्याच जागी डोक्यावर थेंब पडू लागतात. मोटारीचा मिटणारा कापडी टप ही एक मोठी छत्रीच आहे, असे समजायला हरकत नाही. फरक एवढाच की छत्री फाटली तर नवी आणता येते. टप फाटला तर सगळे कापड उतरवून कारागिराकडून नवे चढवून घ्यावे लागते, आणि तोवर पावसात गाडी काढायची सोय राहत नाही.

आपल्याकडे असा टप पुष्कळांनी पाहिलेला असतो तो जीपगाडीचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या कारखान्यांनी जीपगाड्या बनवल्या. त्यांना लोखंडी कमानी आणि वर कॅनव्हास असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि ही गाडी खेडोपाडी पोचली. तिने कित्येक आजाऱ्यांना भर पावसात तालुक्याच्या दवाखान्यात नेले आहे. जुन्या जीपची रीत सोपी होती. आधी कॅनव्हासचे पट्टे सोडायचे, कॅनव्हास उतरवून वेगळी घडी घालायची, आणि मग कमानी मागे आडव्या करायच्या. कापड वेगळे, सांगाडा वेगळा. त्यामुळे एकात दुसरे अडकण्याचा प्रसंग फारसा येत नसे.

ज्या मोटारींचा टप एका झटक्यात मागे जातो, त्यांत मात्र कापड कमानींना कायमचे जोडलेले असते. सांगाडा मिटला की कापडालाही त्याच्याबरोबर मिटावे लागते. घोटाळा होतो तो इथेच.

आधी सांगाडा समजून घेऊ. शिक्षक मंडळींनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या टोकांशी टाचणीने जोडून त्रिकोण करा. कितीही दाबा, त्याचा आकार बदलत नाही. आता चार पट्ट्यांचा चौकोन करा. बाजूंची लांबी तीच राहते, पण चौकोन कलंडतो, चपटा होतो, पार मिटूनही जातो. टपाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्यांचे असेच चौकोन असतात, म्हणून तो मिटू शकतो. मग उभा असताना तो कोसळत का नाही? तर त्यात आपल्या कोपरासारखा एक सांधा असतो. हात सरळ ताठ केला की त्यावर भार पेलतो, कोपर किंचित वाकवले की हात दुमडतो. जुन्या घोडागाड्यांच्या टपाला बाहेरून लोखंडी कोपर असे, तेही याच तत्त्वावर. कोपर सरळ होऊन जरासे पलीकडे गेले की कापडाचा ताणच त्याला घट्ट धरून ठेवतो.

आता कापडाकडे वळू. हार्मोनियमचा भाता बघा. तो हजारदा मिटतो, पण दर वेळी त्याच घडीवर. साडीच्या निऱ्यांचेही तेच. एक निरी उलटी पडली की पुढच्या सगळ्या बिघडतात. टप मिटताना दोन कमानी जवळ येतात आणि त्यांच्यामधले कापड सैल पडते. हे सैल कापड ठरलेल्या जागी पडले तर घडी सपाट बसते. ते बाहेरच्या अंगाला सुटले तर पट्ट्यांच्या मध्ये सापडते, आणि लोखंडी पट्ट्या त्याला कात्रीसारख्या चावतात. म्हणून पुष्कळ गाड्यांत आतल्या बाजूला इलॅस्टिकच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. टप मिटू लागला की त्या कापडाला आत ओढून घेतात. वर्षे गेली की इलॅस्टिक सैल पडते किंवा तुटते. वरून सगळे ठाकठीक दिसते, पण टप मिटताना कडेचे कापड बाहेर लोंबते. पुष्कळ वेळा दुखणे एवढेच असते. अशी पट्टी नवी शिवून घ्यायला थोडासाच खर्च येतो, आणि तेवढ्यावर सबंध टप वाचतो.

तेव्हा टप नीट मिटत नसेल तर तपास या क्रमाने करावा. गाडी सपाट जागी उभी करावी आणि हातब्रेक लावावा. पुढच्या काचेच्या चौकटीवरच्या दोन्ही कड्या सोडल्या आहेत ना, ते पाहावे. मागची खिडकी प्लास्टिकची असेल आणि तिला चेन असेल, तर ती आधी उघडावी. १९८९ मध्ये आलेल्या जपानच्या माझ्दा एमएक्स-५ या गाडीचा टप हातानेच मिटतो. तिची मागची खिडकी प्लास्टिकची होती, आणि टप मिटण्यापूर्वी चेन उघडून ती सपाट पसरायची अशी पद्धत होती. तसे न करता टप मागे लोटला की खिडकीला वेडीवाकडी मोड पडते आणि तिथे पुढे चीर जाते. थंडीत प्लास्टिक कडक होते, म्हणून पहाटे टप मिटू नये. थोडे ऊन लागू द्यावे. खिडकीवर मऊ कापड पसरले की चरे पडत नाहीत.

यानंतर दोघांनी दोन बाजूंना उभे राहून टप सावकाश अर्ध्यावर आणावा आणि थांबून बघावे. कापड कुठे बाहेर आले? ते हाताने आत सारावे, पण टप हलत असताना बोटे पट्ट्यांच्या मध्ये घालू नयेत. एक बाजू खाली आणि दुसरी वर राहते का? तसे असेल तर एखादी कमान वाकली असेल किंवा रिव्हेट ढिली झाली असेल. इथे भूमितीचा उपयोग होतो. टप उघडा ताणलेला असताना पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या बिजागरीपर्यंत सुतळी धरावी, आणि मग त्याच सुतळीने दुसरा कर्ण मोजावा. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर सांगाडा तिरपा झाला आहे. तिथे कापडावर कितीही मेहनत घेतली तरी ती वाया जाते. लोहाराला किंवा गॅरेजवाल्याला आधी कमान सरळ करायला सांगावी.

सांधा करकरत असेल तर धूळ पुसून तेलाचा एकच थेंब सोडावा आणि वरचे तेल टिपून घ्यावे. जास्त तेल घातले तर त्यावर धूळ बसते आणि कापडालाही डाग पडतो.

कापड नवे असेल तर ते ताठ असते. उन्हात गरम करून चार-सहा वेळा हलक्या हाताने मिटले की घडी पडते. ओल्या कापडाची तऱ्हा निराळी. सुती कॅनव्हास भिजला की त्याचा धागा फुगतो आणि कापड आखडते. तंबूचे सुती दोर पावसात ताणतात ते याच कारणाने. असा ओला टप मिटून ठेवला तर बुरशी धरते आणि कापड कुजते. पाऊस थांबल्यावर टप उघडा ठेवूनच वाळवावा, मग मिटावा.

काही गाड्यांत हे काम विजेची मोटार आणि तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे करतात. बटण दाबले की झाले! पण यंत्राला डोळे नसतात. कापड अडकले तरी ते ओढतच राहते. एक बाजू मागे पडताना दिसली, किंवा आवाज बदलला, की तत्क्षणी बटण सोडावे. दट्ट्यांचे तेल कमी झाले असेल किंवा गळत असेल. ते जाणकाराला दाखवावे. मुलांना त्या वेळी गाडीजवळ फिरकू देऊ नये.

सांगायचे ते इतकेच की टप अडला म्हणजे तो कुठे अडला ते आधी पाहावे. बहुतेक वेळा अडचण एखाद्या सैल पट्टीची, न सोडलेल्या कडीची किंवा उलट्या घडीची असते, आणि ती दोन मिनिटांत दूर होते. जोर लावला तर तीच अडचण कापडाला भोक पाडते, आणि ते भोक आपल्याला दिसते मृगाच्या पहिल्या पावसात. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर, एखाद्या कोरड्या दिवशी, टप एकदा मिटून आणि उघडून पाहावा. इलॅस्टिकची पट्टी बदलायची ती त्याच दिवशी बदलून घ्यावी.