आखाती नोकरदारांच्या मुलांचे शिक्षण

कर्ता पुरुष मस्कत, कुवेत किंवा दुबईस नोकरीनिमित्त गेलेला नाही, असे घर आपल्या गोमंतकीय समाजात विरळाच. तथापि तो तेथे कोणते काम करतो व हाती काय मिळवितो, याची चौकशी सहसा होत नाही. 'आखातात आहे' एवढे ऐकले की माणूस सधन ठरतो आणि त्याच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज बाजूस पडतो. प्रस्तुत लेखकाने समितीवर असताना असा शेरा स्वतःच्या हाताने मारलेला आहे; म्हणूनच हे चार शब्द.

वास्तविक तेथे मुलाची शाळा ठरते ती बापाच्या पगारावर. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पर्यंत हुद्दा पाहून बायकामुले नेण्याची परवानगी मिळे. त्या साली हुद्द्याची अट गेली व पगाराची आली : दरमहा ४००० दिऱ्हम, किंवा ३००० व राहण्याची जागा. शेजारच्या कतारने २०२१ साली सर्व कामगारांसाठी किमान वेतन ठरविले, ते १००० रियाल. दोन्ही नाण्यांची किंमत जवळजवळ सारखीच असल्याने अंतर किती, हे कोणाच्याही ध्यानी येईल. गवंडी, सुतार, स्वयंपाकी यांची मुले येथेच आजीआजोबांपाशी वाढतात ती यामुळे.

ज्यांना कुटुंब नेणे साधते, त्यांनाही सरकारी शाळेचा फारसा उपयोग नाही. तिचे माध्यम अरबी, व ती मुख्यत्वे तेथील नागरिकांसाठी. ही उणीव तेथील भारतीयांनीच भरून काढली. बहारीनची भारतीय शाळा १९५० ची, दुबईची १९६१ ची, मस्कतची १९७५ ची. आज आखातातील पुष्कळ भारतीय शाळांतून दिल्लीच्या केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम चालतो, त्यामुळे परतलेल्या मुलास त्याच मंडळाच्या शाळेत फारसे अडत नाही. फी मात्र पदरची.

त्यातही एखादा नवा कर सारे गणित उलटवितो. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून नोकरदाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल कर बसविला, आणि दरवर्षी शंभराने वाढवीत २०२० साली तो ४०० वर नेला. पत्नी व दोन मुले असली की महिन्यास १२०० रियाल, वर्षास १४,४०० ! शाळेची फी त्याहून निराळी. अशा वेळी बाप एकटा मागे राहतो व मुले वर्षाच्या मध्येच गावी येतात.

इकडे आल्यावर 'दाखला आणा, मग पाहू' हे उत्तर मिळते. पालकांनी येथे दबून जाऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुदत टळली, हे कारणही चालत नाही. शिवाय वयास योग्य अशा वर्गात त्यास बसवावे लागते. आठवीनंतर मात्र हे संरक्षण नाही. तेव्हा तिकडची शाळा सोडतानाच दाखला साक्षांकित करून आणलेला बरा.

महाविद्यालयीन शिक्षणाच्या दोन सोयी आपल्या घरांतून फारशा माहीत नाहीत. राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्थांतून आखाती कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. निवड जेईई मेनच्या गुणांवर होते, आणि शिक्षणशुल्क परदेशस्थ भारतीयांच्या दराने न घेता येथील विद्यार्थ्यांइतकेच घेतात. दुसरी सोय केंद्र सरकारच्या अनिवासी भारतीयांच्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीची. ती २००६ साली निघाली. पुढे तिच्यातील काही जागा आखातादी देशांतील कामगारांच्या मुलांसाठी राखल्या गेल्या, त्यांतही काही मायदेशी शिकणाऱ्यांसाठी. नियम दरसाल बदलतात, म्हणून त्या वर्षीची पुस्तिका पाहूनच अर्ज करावा.

दोन्हीकडे बापाच्या नोकरीचा पुरावा मागतात. करारपत्र, पगाराचा दाखला आणि वास्तव्याच्या परवान्याची प्रत हे तीन कागद घरी आणून ठेवावेत. आपल्या समितीपुढेही तेच ठेवावेत, म्हणजे रकान्यात नुसते 'आखात' असे लिहावे लागणार नाही.