चोपण जमीन आणि सोडियमचा तो एक इलेक्ट्रॉन

राहुरीत मुळा नदीच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्याला चोपण रान ठाऊक असतं: भिजलं की चिकट चिखल, वाळलं की दगड. करणी सोडियमची! त्याचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे बसतात. बाहेरचा एकटा सहज सुटतो आणि एक धनभाराचा आयन उरतो. मातीच्या ऋणभारित कणांना तो एकत्र धरून ठेवू शकत नाही. कण विखुरतात, छिद्रं बुजतात.

यावर उतारा कॅल्शियमचा. त्याची मांडणी २, ८, ८, २. तो दोन इलेक्ट्रॉन सोडतो, म्हणजे भार दुप्पट. जिप्सममधला हाच कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम वाहून जायला चर हवेत, नाहीतर जिप्समचा खर्च मातीत! आधी माती तपासा. कृषी विद्यापीठ तर आपल्या दारातच आहे.